उंबरठ्याचं शहर

प्राग शहराला चेक लोक ‘प्राहा’ म्हणतात, आणि चेक भाषेत ‘प्राह’ म्हणजे उंबरठा. या नावामागची दंतकथा तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. लिबुशे नावाची राणी व्ल्तावा नदीकाठच्या किल्ल्यावर उभी असताना तिला भविष्य दिसतं. ती आपल्या माणसांना सांगते, ‘पलीकडच्या रानात जा, तिथे एक माणूस घराचा उंबरठा तासत बसलेला दिसेल. त्या जागी नगर वसवा आणि त्याला उंबरठ्याचंच नाव द्या. कारण सरदार कितीही मोठा असो, बुटक्या दारातून आत जाताना त्याला मान वाकवावीच लागते.’

नगर कुठे वसवायचं ते बाई सांगते, उंबरठा तासतो तो पुरुष. पुढे त्या उंबरठ्याच्या आत चूल कोणी पेटवली, पाणी कोणी भरलं, याबद्दल कथा गप्प आहे. हे पुस्तक त्या गप्प जागेविषयी आहे. चेक समाजात बाईने काय करावं, पुरुषाने काय करावं, हे कसकसं ठरत गेलं, कोणी ठरवलं, कोणी मोडलं आणि काय मोडायचं राहून गेलं, ते पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. प्रस्तावनेत मला फक्त वाट दाखवायची आहे.

सुरुवात भाषेपासून करते, कारण मी या विषयाकडे भाषेच्या दारातूनच आले. आता या वाक्यातल्या ‘आले’ने लिहिणारी बाई आहे हे सांगून टाकलं. इंग्रजीत ते लपलं असतं. चेक भाषेत लपत नाही. ‘मी गेलो’ म्हणताना पुरुष ‘शेल’ हे रूप वापरतो, बाई ‘श्ला’ म्हणते. लिंगं आपल्यासारखीच तीन. मुलीसाठीचा ‘द्येव्चे’ हा शब्द तर चक्क नपुंसकलिंगी, आपल्या ‘लेकरू’सारखा. त्यामुळे मराठी माणसाला चेक व्याकरण इतर परदेशी विद्यार्थ्यांइतकं छळत नाही. स्वतःबद्दल बोलायचं तर भूतकाळात शिरताक्षणी बाई की पुरुष हे सांगावंच लागतं, याची आपल्याला जन्मापासून सवय असते.

या सवयीला धक्का देणारी एक व्यक्ती प्रागमध्ये होऊन गेली. मारी चेर्मीनोवा या नावाने १९०२ साली जन्मलेल्या या चित्रकर्तीने तरुणपणीच ते नाव टाकलं आणि ‘तोयेन’ हे ना बाईचं ना पुरुषाचं नाव घेतलं. नागरिक या अर्थाच्या ‘सितोयाँ’ या फ्रेंच शब्दावरून ते आलं असं सांगतात. तोयेन स्वतःबद्दल पुल्लिंगी रूपांत बोलत असे, याच्या आठवणी समकालीनांनी लिहून ठेवल्या आहेत. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’ म्हणतात तेव्हा ती बोलीची रीत असते. तोयेनच्या तोंडी ती निवड होती. नाझींच्या काळात यिंद्रिख हाइस्लर या ज्यू कवीला आपल्या घरात लपवून जगवणारी, अतिवास्तववादी चित्रकारांत आपली जागा मिळवणारी ही व्यक्ती १९८० साली पॅरिसला वारली. क्रियापदाच्या एका प्रत्ययात केवढं राजकारण मावतं, हे मला तिच्यामुळे कळलं.

दुसरा प्रत्यय आडनावाचा. नोवाक यांची बायको किंवा मुलगी नोवाकोवा. हा ‘ओवा’ मुळात मालकी दाखवणाऱ्या विशेषणातून आलेला, म्हणजे जवळपास ‘नोवाकची’. पाहुण्या बायकांनाही ही भाषा सोडत नाही. चेक वर्तमानपत्रांत मार्गारेट थॅचर ‘थॅचरोवा’ होतात. लग्नानंतर मधल्या जागी नवऱ्याचं नाव घेऊन वावरणाऱ्या मराठी बायकांना यात नवल वाटणार नाही. ‘ओवा’ नको असेल तर पूर्वी परदेशी नवरा, परदेशात वास्तव्य अशी ठरावीक कारणं दाखवावी लागत. १ जानेवारी २०२२ पासून ती अट गेली. तरी बहुतेक बायका ‘ओवा’च लावतात. सक्ती उठली तरी सवय बसलेली असते, आणि सवयीला सगळेच जाच म्हणतात असंही नाही. हा गुंता पुढे सारखा भेटणार आहे.

आता पुन्हा लिबुशेकडे. तिची कथा प्रथम सविस्तर लिहिली ती कोस्मास या धर्मगुरूने, लॅटिनमध्ये. तो ११२५ साली वारला. त्याच्या इतिवृत्तात लिबुशे तीन बहिणींपैकी धाकटी. थोरली काझी औषधी जाणते, मधली तेता पूजाविधी जाणते, आणि धाकटी न्यायनिवाडा करते. शेताच्या बांधावरून दोघे भांडतात, ती निकाल देते, आणि हरलेला गडी चिडून बायकांचे केस लांब पण अक्कल तोकडी अशा अर्थाचं बोलतो. आमच्यावर पुरुषाचं राज्य हवं, अशी लोकांची मागणी होते. लिबुशे त्यांना आधी बजावते, की राजा आणणं सोपं असतं, घालवणं अवघड. तो तुमची मुलं, गुरं, धान्य सगळ्यावर हक्क सांगेल. लोक ऐकत नाहीत. मग ती आपला घोडा पुढे सोडते, दूत त्याच्या मागोमाग स्तादित्से गावी पोचतात आणि बैलांची जोडी घेऊन नांगरणाऱ्या प्शेमिस्लला राजा म्हणून घेऊन येतात. त्याच्या नावाच्या घराण्याने १३०६ पर्यंत राज्य केलं.

लिबुशेनंतर येते ती मुलींची लढाई. कोस्मासकडे ती निम्मी खेळातली आहे. मुली आपला गड बांधतात, मुलगे समोर आपला बांधतात, मग तह होतो, मेजवानी होते, आणि रात्री एकेक मुलगा एकेक मुलगी पळवतो. तेव्हापासून बायका पुरुषांच्या ताब्यात आल्या, असं तो शांतपणे नोंदवतो. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या, चेक भाषेतल्या पहिल्या पद्य इतिवृत्तात मात्र याच गोष्टीत रक्त सांडतं. व्लास्ता सेनापती होते, शारका स्वतःला झाडाला बांधून घेऊन स्तिराद नावाच्या वीराला फसवते. प्रागच्या कडेला ‘दिवोका शारका’ नावाची खडकाळ दरी आहे. आज लोक तिथे पोहायला आणि फिरायला जातात.

या कथांचा उपयोग दोन्ही बाजूंनी झाला. मध्ययुगीन लेखकांना त्यातून दाखवायचं होतं की बाईचं राज्य टिकत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या देशभक्तांनी तीच लिबुशे उचलून राष्ट्रमाता केली. ११ जून १८८१ रोजी प्रागचं राष्ट्रीय नाट्यगृह उघडलं ते स्मेतानाच्या ‘लिबुशे’ या ऑपेराने. प्रेक्षागृहात टाळ्या वाजवणाऱ्या बायकांना तेव्हा मतदानात जवळपास काहीच जागा नव्हती आणि विद्यापीठाचा दरवाजा बंद होता. देव्हाऱ्यात राणी आणि दारात अडसर, हे चित्र मराठी वाचकाला कुणी समजावून सांगायला नको.

तरीही इथे चेक कहाणीला एक निराळं वळण आहे. त्या काळी शहरांत, कचेऱ्यांत, उच्च शिक्षणात भाषा जर्मन होती. चेक बोलली जात होती ती गोठ्यात, स्वयंपाकघरात, पाळण्यापाशी. भाषा जगवायची तर ती जिच्या तोंडी आहे तिला सोबत घ्यावं लागणार, हे चेक भाषेच्या पुनरुज्जीवनाची चळवळ चालवणाऱ्या पुरुषांना उमगलं. त्यामुळे त्या चळवळीत एक स्वयंपाकाचं पुस्तकसुद्धा मानाने बसलं आहे. माग्दालेना दोब्रोमिला रेत्तिगोवा हिची ‘घरगुती पाककृती’ १८२६ साली निघाली, चेक भाषेत. लितोमिश्ल गावी ती मुलींना स्वयंपाक शिकवी आणि सोबत चेक वाचायलाही लावी. पुढच्या पिढीतल्या शिकल्यासवरल्या बायकांनी तिला चुलीची भक्त म्हणून नाकं मुरडली. पण डंपलिंगच्या वाफेतून व्याकरण शिकवणारी ही बाई मला त्यांच्याइतकीच धूर्त वाटते.

बोझेना न्येमत्सोवाचा वाटा याहून मोठा आणि जास्त कडू. १८५५ साली आलेली तिची ‘बाबिच्का’ म्हणजे आजी ही कादंबरी चेक घराघरांत पोचली. शहाणी, सोशिक, सूत कातत बसणारी, राजवाड्यातल्या सरदारणीशीही न बिचकता बोलणारी आजी सगळ्या देशाची आजी झाली. लिहिणारी मात्र या सोशिकपणाच्या चौकटीत मावणारी नव्हती. सतरा-अठराव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं होतं, तिच्याहून बऱ्याच मोठ्या सरकारी कर्मचाऱ्याशी. संसार जुळला नाही. नवऱ्याच्या देशभक्तीपायी बदल्यांमागून बदल्या झाल्या, पैशाची ओढाताण कायमची. १८५३ साली थोरला मुलगा गेला आणि त्या दुःखात हे ऊबदार पुस्तक लिहिलं गेलं. १८६२ च्या जानेवारीत ती दारिद्र्यात वारली. आज पाचशे कोरुनांच्या नोटेवर तिचा चेहरा आहे. जिने आयुष्यभर उधारीची पत्रं लिहिली ती बाई नोटेवर बसली, हा चेक इतिहासाने केलेला विनोद आहे.

त्याच सुमारास वोयत्येख नाप्रस्तेक नावाचा गृहस्थ अमेरिकेत दहा वर्षं काढून परतला होता. नाप्रस्तेक या शब्दाचा अर्थ अंगुस्तान, शिवताना बोटात घालतो ते. त्याची आई मोठी मद्यभट्टी स्वतः चालवत होती, त्यामुळे बाईला व्यवहार कळतो हे त्याला कुणी पटवून द्यावं लागलं नाही. त्यांच्या बेथलेहेम चौकातल्या घरात १८६५ साली ‘अमेरिकन लेडीज क्लब’ सुरू झाला. तिथे शास्त्रावर, इतिहासावर, आरोग्यावर व्याख्यानं होत, आणि शिवणयंत्रं व कपडे धुण्याची यंत्रंही दाखवली जात. बाईचा वेळ मोकळा व्हायचा तर भाषणं पुरत नाहीत, धुणं हलकं व्हावं लागतं, हे त्याला पक्कं कळलं होतं. तिथे जमणाऱ्या कारोलिना स्व्येतला या कादंबरीकर्तीने १८७१ साली बायकांना अर्थार्जनाचं शिक्षण देणारी संस्था उभी केली. स्मेतानाच्या ऑपेरांसाठी शब्द लिहिणाऱ्या एलिश्का क्रास्नोहोर्स्का हिने हजारो सह्यांचा अर्ज व्हिएन्नाला पाठवला आणि १८९० साली प्रागमध्ये ‘मिनेर्वा’ ही मुलींची शाळा सुरू झाली. विद्यापीठापर्यंत नेणारी मुलींची अशी शाळा संपूर्ण ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिलीच.

यातून एक नमुना तयार झाला आणि तोच या पुस्तकाचा कणा आहे. चेक स्त्रीला जे मिळत गेलं ते बहुतेकदा घरच्या पुरुषाशी भांडून मिळालं नाही. त्याच्या शेजारी उभं राहून तिसऱ्या कुणाशी तरी भांडताना मिळालं. तो तिसरा कधी व्हिएन्नाचा दरबार होता, कधी बर्लिन, कधी मॉस्को. १३ जून १९१२ रोजी बोझेना विकोवा-कुन्येतित्स्का ही लेखिका बोहेमियाच्या विधानसभेवर निवडून आली. उमेदवार पुरुषच हवा, असं कायद्यात स्पष्ट लिहायचं राहून गेलं होतं. सम्राटाच्या राज्यपालाने तिची निवड मान्य केली नाही, तिला सभागृहात बसता आलं नाही. पण तिला मतं देणारे बहुसंख्य पुरुष होते. व्हिएन्नाला खिजवायचं म्हणून दिलं असेल, बाईवर विश्वास म्हणून दिलं असेल. मतपेटीत दोन्हींचा रंग सारखाच.

तोमाश मासारिक या प्राध्यापकाने १८७८ मध्ये शार्लट गॅरिग या अमेरिकन मुलीशी लग्न केलं आणि तिचं आडनाव आपल्या नावात कायमचं घेतलं. तिने पुढे जॉन स्टुअर्ट मिलचा स्त्रियांच्या दास्यावरचा ग्रंथ चेक भाषेत आणला. १९१८ साली मासारिक नव्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. १९१९ च्या स्थानिक निवडणुकांत बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं, आणि १९२० च्या राज्यघटनेने लिंगावर आधारलेले विशेषाधिकार नाकारले. शिक्षिकेने अविवाहितच राहिलं पाहिजे हा जुना नियमही १९१९ मध्ये गेला. त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढलेली फ्रांतिश्का प्लामीनकोवा स्वतः शिक्षिका, पुढे खासदार. पण घटनेतला शब्द आणि घरातला कायदा यांत अंतर होतं. कुटुंबप्रमुख नवराच, हे ऑस्ट्रियाच्या १८११ च्या संहितेतलं कलम प्रजासत्ताकातही तसंच राहिलं. मंदी आली तेव्हा नोकरी करणारी विवाहित बाई डोळ्यांत खुपू लागली, आणि म्यूनिक करारानंतर १९३८ च्या अखेरीस विवाहित स्त्रियांना सरकारी सेवेतून काढण्याचा हुकूम निघाला. प्लामीनकोवाला नाझींनी ३० जून १९४२ रोजी प्रागच्या कोबिलिसी मैदानावर गोळ्या घातल्या.

प्लामीनकोवाच्या स्त्री-संस्थेत काम केलेली वकील मिलादा होराकोवा नाझींच्या तुरुंगातून जिवंत परतली. कुटुंब कायदा बदलावा म्हणून युद्धाआधी या बायकांनी मसुदे घासले होते. नवरा-बायकोला समान मानणारा तो कायदा अखेर १ जानेवारी १९५० पासून लागू झाला. त्या दिवशी होराकोवा कम्युनिस्ट राजवटीच्या कोठडीत होती. २७ जून १९५० रोजी पांक्रात्स तुरुंगात तिला फाशी दिली गेली. जिची मागणी पुरी केली तिलाच संपवलं. आणि त्यानंतर चाळीस वर्षं राज्यसत्ता सांगत राहिली की स्त्रीला समता आम्ही दिली. १९८९ नंतर ‘समता’ या शब्दाला चेक कान का कंटाळले होते, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं दुकानाच्या रांगेत आहे. समाजवादी काळात बहुतेक सगळ्या बायका नोकरीवर गेल्या. पाळणाघरं निघाली, १९५७ मध्ये गर्भपाताचा कायदा आला. ट्रॅक्टरवर बसलेली बाई भित्तिचित्रांवर झळकली. पण पाच वाजता पाळी संपली की दुसरी पाळी सुरू. पोराला पाळणाघरातून घ्यायचं, मांसाच्या दुकानापुढे उभं राहायचं, चूल पेटवायची. १९७७ साली दूरदर्शनवर ‘झेना झा पुल्तेम’ म्हणजे ‘काउंटरमागची बाई’ ही बारा भागांची मालिका आली. नायिका आन्ना होलुबोवा दोन मुलांची आई, संसार मोडलेला, मोठ्या किराणा दुकानात तयार पदार्थ विकणारी. ती हसून सलाड तोलते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं दुःख ऐकून घेते. मालिकेतला काउंटर हॅम-चीझने ओसंडत असे, घरी बघणाऱ्यांना तेवढंच रांगेत उभं राहून मिळत नसे. समाजवादाची आदर्श बाई ती हीच, सगळ्यांना पुरून उरणारी. तिला कोण पुरतं, हा प्रश्न बाराही भागांत तोंडी लावण्यापुरता येतो. या सोशिकतेला खरा सुरुंग आधीच लावला होता व्येरा खितिलोवाने, १९६६ च्या ‘सेद्मिक्रास्की’ या चित्रपटात. दोन मुली जेवणाची टेबलं तुडवत जातात, नासधूस करतात, कुणाचंही ऐकत नाहीत. लोकप्रतिनिधींना त्यात सर्वाधिक झोंबली ती अन्नाची नासाडी.

पुरुषाचं काय झालं? सोकोल म्हणजे ससाणा या नावाच्या व्यायामसंघाने १८६२ पासून त्याला लाल सदरा चढवून ताठ उभं केलं. पहिल्या महायुद्धानंतर हाशेकच्या कादंबरीतल्या श्वेयकने तो ताठा हसून घालवला. आज्ञा अक्षरशः पाळून साम्राज्याची फजिती करणारा हा शिपाई जगातल्या फार थोड्या राष्ट्रांनी आपला म्हणून मिरवला असता. कम्युनिस्ट काळात बाहेर बोलायची सोय उरली नाही तेव्हा पुरुष शुक्रवारी गावाबाहेरच्या लाकडी झोपडीकडे, ‘खाता’कडे निघे. तिथे तो सुतार, गवंडी, वायरमन सगळं होता. ‘सोनेरी चेक हात’ हा तिथला कौतुकाचा शब्द. त्याच खात्यावर बाई मुरंबे घालत असे. दोघंही राजवटीपासून पळून एकाच छपराखाली आलेली. अशा आसऱ्यात भांडी कोणी घासायची यावरून कोण भांडेल?

यिरझिना शिक्लोवा ही समाजशास्त्रज्ञ नेमकं हेच पाश्चात्त्य मैत्रिणींना समजावत राहिली. बंदी घातलेली पुस्तकं चोरवाटांनी आणल्याबद्दल तिने तुरुंग भोगला होता. १९९१ मध्ये प्रागचं लिंगभाव-अभ्यास केंद्र सुरू झालं ते तिच्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटांतून. आमच्या बायकांना पुरुष शत्रू वाटला नाही, कारण शत्रू दोघांचा एकच होता, असं तिचं म्हणणं. मला ते पटतं, आणि त्याची किंमतही दिसते. भागीदाराकडे हिशेब मागणं अवघड असतं. १९८९ नंतर पाळणाघरं झपाट्याने बंद झाली, मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आईने घरी राहणं हे जवळपास नैसर्गिक मानलं गेलं; बापाची हक्काची रजा आली ती २०१८ मध्ये, एक आठवड्याची. देशाला आजवर स्त्री पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष मिळालेली नाही. स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा इस्तंबूल करार जानेवारी २०२४ मध्ये सिनेटमध्ये दोन मतांनी अडला. पण संमतीशिवायचा संबंध म्हणजे बलात्कार, ही व्याख्या २०२५ पासून कायद्यात आली.

‘शत्रू एकच’ या म्हणण्यात सगळ्या बायका मावत नव्हत्या, हेही सांगायला हवं. रोमा स्त्रियांची नसबंदी आमिष दाखवून, दडपण आणून, कधी त्यांना न सांगताच करण्यात आली. ‘चार्टर ७७’ या राजवटविरोधी गटाच्या लोकांनी १९७८ मध्येच त्याला वाचा फोडली होती. तरी असे प्रकार लोकशाही आल्यावरही थांबले नाहीत. सरकारने खेद व्यक्त केला २००९ मध्ये, भरपाईचा कायदा झाला २०२१ मध्ये, तीन लाख कोरुनांचा. त्या बायकांच्या बाबतीत घरच्या दाराशी येऊन थांबणारा प्रश्न दवाखान्याच्या टेबलावर आला होता.

सणांवरचं प्रकरण वाचताना दोन दृश्यं सोबत ठेवावीत. ईस्टरच्या सोमवारी सकाळी पुरुष आणि पोरं विलोच्या ओल्या फोकांची वेणी घालून केलेली ‘पोमलाझ्का’ घेऊन घरोघर जातात आणि बायकांच्या पायांवर फटके मारतात. हळू, निदान हळू मारायची रीत आहे. झाडाचा ताजा रस बाईच्या अंगात यावा, ती वाळून जाऊ नये, असा समज. फटके खाऊन तिनेच रंगवलेलं अंडं द्यायचं आणि फोकाला फीत बांधायची. दुसरं दृश्य मोराव्हियातल्या व्ल्च्नोव गावचं. मे महिन्यात तिथे राजाची स्वारी निघते. राजा दहा-बारा वर्षांचा मुलगा, त्याला बायकांचा पारंपरिक पोशाख घातलेला, दातांत गुलाब धरलेला, म्हणून स्वारी संपेपर्यंत तो बोलू शकत नाही. शत्रूला चुकवत बाईच्या वेषात निसटलेल्या राजाची ही आठवण असं सांगतात. एका सणात बाईने गप्प राहून मार घ्यायचा, दुसऱ्यात राजानेच लुगडं नेसल्यागत वेष करून गप्प बसायचं. परंपरा एका आवाजात बोलते असं समजणाऱ्यांनी हे दोन्ही दिवस एकदा तरी पाहावेत.

पुढची प्रकरणं कालक्रमाने लावली असली तरी ती तशीच वाचायला हवीत असं नाही. कोणी न्येमत्सोवापासून सुरू करेल, कोणी रांगेपासून. मला मात्र शेवटी पुन्हा तो रानातला माणूस आठवतो, उंबरठा तासणारा. लिबुशेने त्याच्यावरून शहराला नाव दिलं, पण त्याचं नाव कुणी विचारलं नाही, आणि तो कुणासाठी घर बांधत होता तेही नाही. बुटक्या दारातून सरदारांना वाकून जावं लागतं, एवढंच तिने सांगितलं. त्या दारातून दिवसातून चाळीस वेळा पाण्याची बादली घेऊन ये-जा करणारी कुणीतरी असणारच. तिची पाठ वाकली असेल ती कुणाला मान देण्यासाठी नव्हे.